रोही, निळी मेंढी आणि हिवाळ्यातील छायाचित्र
(परिसर-अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)

१. पाठाचा हेतू

परिसराचा अभ्यास पुस्तकात सुरू झाला तरी तो शिवारात पूर्ण व्हावा, हे तत्त्व आपणा सर्वांस मान्य आहे. वन्य प्राण्यांचा पाठ आला की मात्र आपण भिंतीवरील तक्त्याकडे वळतो. तक्त्यावर सिंह असतो, जिराफ असतो. नागपूर शहराची वस्ती आता हुडकेश्वरला येऊन भिडली आहे. तेथून पुढे उमरेड व कुहीकडे पसरलेल्या शेतशिवारात विद्यार्थ्याने जो प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, तो रोही, म्हणजेच नीलगाय, त्या तक्त्यावर बहुधा नसतो. जे दूरचे ते शिकण्यासारखे आणि जे जवळचे ते हाकलून लावण्यासारखे, अशी समजूत यातून मुलांच्या मनात नकळत रुजते.

शिक्षकांजवळ आता मोबाईल असतो व त्यात कॅमेरा असतो. त्याचा उपयोग करून हिवाळ्याच्या तीन महिन्यांत आपल्या शिवारातील वन्य प्राण्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत, आणि त्या छायाचित्रांतून विज्ञान, भूगोल, गणित व भाषा या चारही विषयांचे पाठ कसे निघतात, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू होय. या साऱ्या उपक्रमाचा नियम एकच आहे : छायाचित्रासाठी प्राण्याला एक पाऊलही पळावयास लावावयाचे नाही. प्राणी पळाला, तर चित्र मिळाले तरी पाठ फसला असे समजावे. हा नियम केवळ दयाबुद्धीचा नाही. त्यामागे निश्चित कारणे आहेत. ती पुढे येतील.

२. हिवाळाच का निवडावा?

पहिले कारण सूर्याचे. २२ डिसेंबरच्या सुमारास, आकाश निरभ्र असता, शाळेच्या पटांगणात एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करावी आणि दुपारी बारा वाजून बारा मिनिटांच्या आसपास तिची सावली मोजावी. सावली जवळजवळ काठीइतकीच भरेल. याचा अर्थ असा की, त्या दिवशी ऐन मध्यान्हीदेखील नागपूरच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून केवळ सुमारे ४५ अंश वर चढतो. हाच प्रयोग २६ मेच्या सुमारास केला, तर सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली तिच्या पायाशीच लोपते. उन्हाळ्यातील डोक्यावरच्या उन्हात प्राण्याचे डोळे, गळा व पोट काळोखात बुडतात. हिवाळ्याचे तिरपे ऊन मात्र अंगावर बाजूने पडते. त्यामुळे केसांचा पोत, शिंगांचा पीळ, खांद्याची ठेवण ही सर्व स्पष्ट उमटतात.

दुसरे कारण प्राण्यांच्या दिनक्रमाचे. नागपूरची थंडी कधीकधी बरीच कडक पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा रात्रीनंतर चरणारे प्राणी सकाळी उन्हाला येतात व सूर्य वर आल्यावरही काही काळ उघड्यावर रेंगाळतात. या दिवसांत सूर्योदय पावणेसात ते सातच्या दरम्यान होत असल्याने शाळा भरण्यापूर्वीचा वेळ निरीक्षणास पुरेसा मिळतो.

तिसरे कारण रानाचे. पावसाळ्यातील उंच गवत वाळून खाली बसलेले असते, पुष्कळ झाडांची पाने विरळ होऊ लागतात, आणि हरभरा व गहू अद्याप गुडघ्याखाली असतात. त्यामुळे दूरचा प्राणी दुरूनच दिसतो, व त्याच्या जवळ जाण्याची गरज उरत नाही.

३. पहाडातील निळी मेंढी

हिवाळी छायाचित्रणाचे जगातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पहाडी रानमेंढ्यांचे. आपल्या देशात लडाखमध्ये शापो व न्यान या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रानमेंढ्या आहेत; न्यान ही तर जगातील सर्वांत मोठ्या रानमेंढ्यांपैकी एक. त्याच भागात, १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या कड्यांवर, भरल नावाचा प्राणी राहतो. त्याच्या अंगावरील राखी-निळसर झाकेमुळे त्यास निळी मेंढी असेही म्हणतात. तो निश्चल उभा राहिला की खडक कोणता आणि भरल कोणता हे ओळखणे कठीण जाते.

छायाचित्रकार तेथे हिवाळ्यात जातात. बर्फामुळे कळप काहीसे खालच्या उतारांवर येतात, अंगावर दाट केस आलेले असतात, आणि नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत त्यांचा समागमकाळ असल्याने एरवी वेगळे राहणारे नर माद्यांच्या कळपात मिसळतात. परंतु हाच काळ त्या प्राण्यांना सर्वांत अवघड असतो. गवत थोडे व निकस असते. उन्हाळ्यात साठविलेल्या चरबीवर हिवाळा निभवावा लागतो. बर्फातून एकदा घाबरून पळण्यात जी शक्ती खर्च होते, ती त्या ऋतूत पुन्हा सहज भरून येत नाही. म्हणून जाणता छायाचित्रकार कळपाचा पाठलाग करीत नाही. तो उताराच्या बाजूला दूर बसून राहतो व कळपाला आपल्या चालीने चरू देतो.

तेथील एका चांगल्या छायाचित्रातून किती ज्ञान मिळते पाहा. रानमेंढ्यांच्या शिंगांची वाढ हिवाळ्यात मंदावते, त्यामुळे शिंगावर दरवर्षी एक वलय उमटते. छायाचित्र स्पष्ट असेल, तर ही वलये मोजून, प्राण्यास हातही न लावता, त्याच्या वयाचा अंदाज करता येतो.

या विषयाचा आपल्या भागाशीही एक दुवा आहे. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात नागपूरच्या ईशान्येस असलेल्या कान्हाच्या जंगलात राहून चितळ, बारशिंगा आणि वाघ यांचा अभ्यास केला. पुढे तेच शॅलर हिमालयात रानमेंढ्या व रानशेळ्या यांच्या अभ्यासासाठी गेले. १९७३ मध्ये नेपाळच्या डोल्पो भागात त्यांनी भरलांचा समागमकाळ जवळून पाहिला. भरल ही मेंढी की शेळी, हा त्यांचा प्रश्न होता. दीर्घ निरीक्षणाअंती, तो दिसावयास मेंढीसारखा असला तरी शेळीच्या अधिक जवळचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि नंतरच्या आनुवंशिक अभ्यासानेही त्यास पुष्टी मिळाली. निळी मेंढी ही खरी मेंढी नव्हे!

वर्गात हे सांगितले की मुलांना पुढचा प्रश्न आपोआप सुचेल : मग नीलगाय ही खरी गाय आहे काय?

४. आपल्या शिवारातील खुरी प्राणी

नीलगाय ही गाय नव्हे. आशियातील कुरंगांपैकी तो सर्वांत मोठा प्राणी होय, आणि त्याचा सर्वांत जवळचा जिवंत सोयरा म्हणजे चिमुकला चौसिंगा. गाय-म्हशींशी या दोघांचे नाते आहे, पण ते दूरचे. मोठा नर निळसर राखी, मादी व पिल्ले तांबूस पिंगट. गळ्याखाली पांढरा ठिपका, नराच्या गळ्यावर केसांचा झुपका, खुरांच्या वर पांढरी वलये, आणि पुढून मागे उतरती पाठ, या खुणा छायाचित्रात शोधावयास लावाव्यात. शिंगे फक्त नरास असतात व अंगाच्या मानाने ती अगदी आखूड असतात.

काळवीट मोकळ्या माळाचा प्राणी. नराची शिंगे लांब व मळसूत्रासारखी पीळदार असतात. मादीस ती बहुधा नसतात. चौसिंगा हा पेंचसारख्या जंगलात राहणारा, लाजाळू व बहुधा एकटा फिरणारा; नराच्या डोक्यावर दोन शिंगे मागे व दोन लहान शिंगे पुढे असतात. अशी चार शिंगे नेमाने असणारा दुसरा वन्य प्राणी जगात नाही.

चितळ व सांबर यांचा गट वेगळा, आणि येथे शिंगांचा भेद अवश्य शिकवावा. बैल, बकरी, मेंढी, रोही व काळवीट यांचे शिंग आतून पोकळ असते, हाडाच्या खुंटावर म्यानासारखे बसलेले असते व जन्मभर टिकते. चितळ-सांबरांचे शिंग भरीव हाडाचे व फाटे असलेले असते. ते गळून पडते आणि पुन्हा नवे येते. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी त्वचा असते. गोठ्यातील बैल आणि छायाचित्रातील रोही यांची शिंगे शेजारी ठेवून हा पाठ घेतल्यास तो मुलांच्या स्मरणातून जात नाही.

५. छायाचित्र घेण्याची रीत

अंतर. रोह्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण सव्वा मीटर धरावी. शंभर मीटरांवर उभा असलेला असा रोही, मुलाने हात लांब करून डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर धरलेल्या सहा मिलिमीटरांच्या वस्तूएवढा दिसतो. सहा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ हरभऱ्याचा दाणा. दोनशे मीटरांवर तो तिळाएवढा होतो. हे प्रमाण मुलांकडून त्रैराशिकाने काढून घ्यावे, आणि नंतर शिवारात तेच मोजमाप वापरावे. चिमटीत हरभऱ्याचा दाणा धरून एक डोळा मिटावा. दाण्याने रोह्याचे अंग पायांपासून खांद्यापर्यंत झाकले जात नसेल, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे.

बसण्याची जागा. सूर्य पाठीशी किंवा एका खांद्याकडे असावा. वारा प्राण्याकडून आपल्याकडे येणारा असावा. पहाटे वारा जाणवत नसेल, तर दूरच्या शेकोटीचा धूर कोणीकडे वाहतो ते पाहावे. बांधाच्या किंवा बाभळीच्या आडोशाला प्राणी येण्यापूर्वीच बसावे. चार-पाच मुलांहून अधिक मुले एका वेळी नेऊ नयेत. कपडे मळकट रंगाचे असावेत. गावातील कुत्री बरोबर येणार नाहीत अशी व्यवस्था अगोदरच करावी.

प्राण्याची चिन्हे. चरणारा प्राणी मान वर करतो, चघळणे थांबवितो आणि दोन्ही कान आपल्याकडे वळवितो, ही पहिली सूचना. त्या वेळी सर्वांनी स्तब्ध राहावे. त्याने पाय आपटला किंवा अंग वळवून निघण्याची तयारी केली, तर ती दुसरी सूचना. ती मिळताच कॅमेरा खाली ठेवावा व हळूहळू मागे हटावे. ही चिन्हे ओळखता येणे हेच या पाठातील खरे निरीक्षण होय.

प्रकाश. धुक्यात किंवा दाट दहिवरावर कॅमेरा फसतो. हिमालयात बर्फ जसे छायाचित्रात करडे येते, तसेच येथे पांढरे धुके करडे येते. मोबाईलमध्ये उजेड वाढविण्याची सोय असते, ती एक-दोन पायऱ्या वर न्यावी. सूर्य समोर असल्यास रोही काळा आकार म्हणून उमटेल. शिंगांची व पाठीची बाह्यरेषा दाखविण्यास तसे चित्रही उपयोगी पडते.

मोबाईलने घेतलेल्या चित्रात प्राणी लहान दिसेल. यात खेद मानू नये. चित्र ताणून मोठे केले तर ते केवळ फाटके दिसते. लहान रोह्याच्या भोवती तुरीचे ओळीने उभे पीक, हरभऱ्याचे शेत, बांध, बाभूळ व दूरचे गाव दिसत असेल, तर प्राणी कोठे राहतो, काय खातो व माणसापासून किती अंतर ठेवतो, हे सर्व त्या एकाच चित्रात आलेले असते. परिसर-अभ्यासास तेच अधिक मोलाचे आहे.

६. प्राणी दिसला नाही तर

पुष्कळ सकाळी प्राणी दिसणार नाही. तरीही मुले रिकाम्या हाताने परत येणार नाहीत. ओल्या मातीतील खुरांचे ठसे पाहावेत. बैलाच्या खुराचा ठसा मोठा व गोलसर, रोह्याचा अरुंद व पुढे निमुळता; रानडुकराच्या ठशामागे मऊ मातीत दोन लहान उपखुरांच्या खुणा बहुधा दिसतात. रोही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे त्यांचे ढीग आढळतात. रोही पिकाचे शेंडे खुडतो. रानडुक्कर नाकाने जमीन उकरते. प्रत्येक खुणेचे छायाचित्र वरून सरळ घ्यावे, आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. ती नसल्यास आगपेटीही चालेल. परिमाणाशिवाय घेतलेल्या ठशाच्या चित्रावरून आकार कळत नाही.

७. वर्गातील काम

प्रत्येक छायाचित्राखाली मुलांनी पाच गोष्टी लिहाव्यात : दिनांक, वेळ, शिवाराचे नाव, प्राणी काय करीत होता, व कोणते पीक उभे होते. यानंतर एक रेघ ओढावी. रेघेच्या वर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच असावे. खाली त्यावरून केलेले अनुमान असावे. “रोही हरभऱ्यात उभा होता” हे वर. “तो हरभरा खावयास आला असावा” हे खाली. पाहिलेले व समजलेले यांतील हा भेद मुलांच्या अंगवळणी पडला, तर विज्ञानशिक्षणाचा पाया घातला गेला असे समजावे.

डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर वर्गाने हजेरीपत्रकासारखा एक तक्ता करावा : कळपात किती माद्या, किती पिल्ले, मोठा नर दिसला की नाही, सकाळी कोणत्या वेळेस दिसले, तुरीची कापणी झाल्यावर कळप कोणीकडे वळला. दोन-तीन वर्षे हे काम चालू राहिल्यास गावाजवळ आपल्या शिवाराची अशी नोंद तयार होईल, जी अन्य कोठेही मिळणार नाही.

८. एक अवघड प्रश्न

या पाठाच्या वेळी एखादा मुलगा निश्चित विचारील : “गुरुजी, रोही आमचा हरभरा खातो. बाबा रात्रभर जागलीला जातात. मग त्याला पळवायचे नाही, हे कसे?”

या प्रश्नास टाळाटाळ करून उत्तर देऊ नये. ज्या घरचे पीक एका रात्रीत खुडले जाते, त्या घरच्या मुलाला प्राण्यांच्या सौंदर्याचे व्याख्यान देणे हा त्याच्या कष्टांचा अवमान आहे. त्यास स्पष्ट सांगावे की, पिकाची राखण करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि आपला नियम राखणीला लागू नाही. तो छायाचित्र घेणाऱ्याला लागू आहे. शेतकरी रोह्यास हाकलतो ते पोटासाठी. आपण त्यास पळविले तर ते केवळ चित्रासाठी होईल.

पुढे हेही दाखवून द्यावे की, घाबरलेला कळप वाट निवडीत नाही. तो उभ्या तुरीतून धावतो व खातो त्याहून अधिक मोडतो, आणि तोही बहुधा शेजाऱ्याच्या शेतात. चित्रासाठी कळप उठविणारा मनुष्य अशा प्रकारे प्राण्याचे व शेतकऱ्याचे एकाच वेळी नुकसान करतो. वर सांगितलेल्या नियमाचे आपल्या शिवारापुरते हे सर्वांत बळकट कारण होय.

उलट, शांतपणे घेतलेले छायाचित्र शेतकऱ्याच्या उपयोगी पडू शकते. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीबद्दल भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करावा लागतो व पंचनामा व्हावा लागतो. नुकसान रोह्याने केले की रानडुकराने, कोणत्या दिवशी व किती भागात, हे दाखविणारी दिनांकासह घेतलेली चित्रे त्या वेळी बोलकी ठरतात. ज्या मुलाने प्रश्न विचारला, त्यालाच आपल्या शेतातील ठशांची नोंद करण्यास सांगावे. तो या पाठाचा सर्वांत दक्ष विद्यार्थी ठरेल.

९. दक्षता

(क) शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय कोणत्याही शेतात शिरू नये. उभ्या पिकात पाय टाकू नये.

(ख) धुक्यात बिनकठड्याच्या विहिरी दिसत नाहीत. जी वाट आदल्या दिवशी उजेडात पाहून ठेवली असेल, तीच धरावी.

(ग) कोणत्याही कुंपणाच्या तारेस मुलांनी हात लावू नये. काही ठिकाणी तारेत बेकायदा वीज सोडली जाते. तीमुळे प्राण्यांप्रमाणे माणसेही दगावली आहेत. अशी तार आढळल्यास मुलांना दूर ठेवून शिक्षकांनी ताबडतोब गावातील जबाबदार व्यक्तीस कळवावे.

(घ) रानडुक्कर, विशेषतः पिल्लांसह असलेली मादी, दिसल्यास छायाचित्राचा विचार सोडून मुलांसह परत फिरावे.

(ङ) पेंच व्याघ्र प्रकल्प किंवा २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये.

(च) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीवर बंदी आहे. काळवीट किंवा चौसिंगा यांसारख्या प्राण्यांचे छायाचित्र शाळेबाहेर दाखविताना नेमकी जागा सांगू नये. ती माहिती शिकाऱ्याच्याही हाती पडू शकते.

१०. समारोप

लडाखच्या कड्यावर बसलेला छायाचित्रकार आणि तुरीच्या बांधावर बसलेला चौथीचा विद्यार्थी यांच्या साधनांत फार अंतर आहे. परंतु दोघांस पाळावयाचा नियम एकच आहे, आणि दोघांस मिळणारे फळही एकाच जातीचे आहे. निळी मेंढी मेंढी नव्हे आणि नीलगाय गाय नव्हे, हे नावावरून कळत नाही. ते स्वस्थ बसून पाहणाऱ्यासच कळते. येत्या हिवाळ्यात प्रत्येक शाळेने निदान तीन सकाळी या कामास द्याव्यात, वर्गाच्या भिंतीवर आपल्या शिवारातील प्राण्यांचा एक तक्ता लावावा, आणि त्याखाली नोंदी करणाऱ्या मुलांची नावे लिहावीत. सिंह व जिराफ यांच्या शेजारी रोही येऊन उभा राहिला, म्हणजे हा पाठ पूर्ण झाला.